तंजावूरचा मुक्काम

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचा पुणे ते रामेश्वरमचा आराखडा पोचला. रोजचे टप्पे, चढ, पाणी, मुक्काम, सगळं जीव लावून लिहिलं आहेस. अडले मी तेराव्या दिवशी. 'तंजावूर, विश्रांती' असं लिहून त्याखाली तू अकरा ठिकाणं मांडली आहेस, घड्याळाच्या काट्यासकट. सकाळी सहाला सुरुवात, रात्री आठला शेवट. बारा दिवस सायकल चालवून दमलेली दोन माणसं हे कसं करतील, याचा मला घोर लागला म्हणून लगेच लिहायला बसले.

आमच्या पहिल्या मोठ्या सफरीत आम्ही विजापूरला असंच केलं होतं. सुट्टीच्या दिवशी गोलघुमट, जामा मशीद, इब्राहिम रोजा, सगळं सायकलवरच. फिरून फिरून पंचवीस किलोमीटर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा उजवा गुडघा वाकेचना. सायकली एका टेम्पोत टाकून आम्ही घरी परतलो. सुट्टीच्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही, हे तेव्हापासून आमच्यात ठरलेलं आहे. तंजावूरला मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वराचं, ते राजवाडा चालत जाण्याइतकंच अंतर आहे, आणि ऊन झालं तर रिक्षा आहेच.

यादीतलं दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम आधी खोडून टाक. दोन्ही देवळं अप्रतिम आहेत, पण बसचे हेलपाटे घालत ती उरकू नका. पुढे कधी रेल्वेनं जा, कुंभकोणमला चार दिवस राहा. वीणा बनवणारे कारागीर, डोलणाऱ्या बाहुल्या, हे वाटेत दिसलं तर बघा. मी दोनच जागा सांगते, आणि दोन्हींना वेळ द्या.

त्याआधी एक कामाची गोष्ट. चेन पुसणं, तेल देणं, टायरमध्ये रुतलेल्या काचा काढणं, हे सगळं पोचल्या संध्याकाळीच उरका. कपडेही त्याच रात्री धुऊन टाका, सायकलिंगच्या चड्डीचं पॅडिंग लवकर वाळत नाही. आम्ही असेच सायकलवर तंजावूरला गेलो होतो तेव्हा हे सकाळवर ढकललं. यांनी चेन उघडली, तिची एक कडी अडत होती, ती सुटी करता करता अकरा वाजले. देवळात पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते आणि गाभारा बंद झाला होता. दुपारी चारपर्यंत तो उघडत नाही. चपला बाहेर ठेवलेल्या, जानेवारी असूनही फरशी तव्यासारखी तापलेली, आणि बारा दिवस बुटात राहून तळवे मऊ झालेले. तिथे आवारात उभं राहून आम्ही भांडलो. चेनवरून सुरू झालं आणि कुठल्या कुठे गेलं.

मुली, हे तुला मुद्दाम सांगते आहे. नवरा-बायको सायकलवर निघाली म्हणजे दिवसभर बरोबर असतात, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. हायवेच्या कडेनं एक पुढे, एक मागे. ट्रकच्या आवाजात बोलता येत नाही. बारा दिवस मी यांची पाठ तेवढी बघितली होती. निळ्या टी-शर्टवर दुपारपर्यंत घामाच्या मिठाची पांढरी रेघ उमटायची, ती ठळक दिसली की हे पाणी कमी पितायत हे मला कळायचं. बोलणं म्हणजे 'खड्डा', 'गाडी', 'थांब'. संध्याकाळी जेवून आडवं व्हायचं. बारा दिवसांचं न बोललेलं सगळं आमच्यात साठलं होतं, आणि त्याला पहिली मोकळी दुपार मिळाली ती तंजावूरला. तुमच्याही बाबतीत ते तिथेच वर येईल. आलं तर घाबरू नका आणि घाईनं मिटवू नका. त्यासाठीच दिवस मोकळा हवा.

पाय भाजायला लागले म्हणून आम्ही कडेच्या ओवऱ्यांच्या सावलीत पळालो. आवाराला चारी बाजूंनी लांबलचक ओवऱ्या आहेत. तिथून विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, पूर्ण दिसतं. राजराज चोळानं १०१० मध्ये पुरं केलेलं, सुमारे ६६ मीटर उंच, सगळं ग्रॅनाइट. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. ऊन कललं की स्वतः बघा, चांगली लांब पडते.

त्या ओवऱ्यांच्या कडेनं नैऋत्येला जा. तिथे भिंतीवर मराठी आहे. एखादी ओळ नव्हे, भिंतच्या भिंत. तंजावूरचे मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे दगडात कोरवून घेतला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावूरला गादी स्थापली आणि ती १८५५ पर्यंत टिकली, हे आपण शाळेत दोन ओळींत वाचतो. इथे ते नजरेच्या उंचीवर आहे. अक्षरं देवनागरी, वळण जुनं, भाषा बखरीची. आम्ही दोघं अजून एकमेकांशी बोलत नव्हतो. मी एक ओळ मोठ्यानं वाचायला लागले आणि एका शब्दाला अडखळले. यांनी मागून तो शब्द जुळवून दिला. पुढची ओळ त्यांनी वाचली, अडले तिथे मी बोट ठेवलं. असं चार वाजेपर्यंत चाललं. एवढ्या वेळात आम्ही भिंतीचा लहानसा तुकडाच वाचला.

त्याच देवळाच्या दगडांवर राजराजाच्या काळचे तमिळ लेखही आहेत. देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तिकांची नावं त्यात आहेत, कोणत्या गल्लीत कोणतं घर दिलं यासकट. मला तमिळ येत नाही, पण त्या अक्षरांवरून हात न लावता नजर फिरवताना मला तिथे माणसं राहत होती असं वाटलं.

दुसरी जागा राजवाडा. इथे घाई नको आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रं, पोथ्या, मोडी कागद यांचा मोठा साठा आहे. पाहुण्यांना त्यातलं थोडंच, काचेआड, बघायला मिळतं. सरफोजीराजे डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवून घेत आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रं काढून नोंदी ठेवत. तेही तिथलंच दप्तर.

वाड्यातल्या कलादालनात चोळ काळातले कांस्यविग्रह आहेत. तिथे तिरुवेणकाडूहून आलेला वृषभवाहन शिव शोधा. १०११ सालचा आहे. पाय एकावर एक टाकून तो सैल उभा आहे, जटा पागोट्यासारख्या बांधल्या आहेत आणि एक हात शेजारच्या नंदीवर टेकलेला आहे. नंदी मात्र हरवला आहे. हात तसाच हवेत राहिला आहे, त्यात जरासुद्धा ताण नाही. शेजारची पार्वती १०१२ ची, वर्षभरानं घडवलेली. यांना मूर्तीबिर्तींचं वेड कधीच नव्हतं. मी पुढे निघाले तरी हे तिथेच. परत आले तेव्हा म्हणाले, "बैल दिसतोय मला." मग मीही थांबले. आम्ही तिथे अर्धा तास असू. भरभर बघत गेलो असतो तर ती मूर्ती आम्ही मिनिटभरात मागे टाकली असती.

जेवण दुपारी केळीच्या पानावरचं घ्या, ताक दोनदा मागा, मीठ लागेल. देवळात जाताना सायकलिंगची चड्डी नको, एखादी लुंगी आणि साधा कुर्ता पॅनिअरमध्ये, सायकलच्या पिशवीत, ठेवा. संध्याकाळी देऊळ पुन्हा उघडलं की आत जाऊन या आणि मग हिरवळीवर बसा. तिथली माणसंही घरचं आवरून तशीच येऊन बसतात. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं असलं तरी साडेआठपर्यंत बसायला हरकत नाही.

एक काम माझं कर. त्या दिवशी वाचलेल्या ओळी मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. ती वही रामनाथपुरमच्या अलीकडे पावसात भिजली आणि शाई सगळी पसरली. लेखाच्या पहिल्या आठ-दहा ओळी हातानं उतरवून आण, फोटो नको. जावईबापूंना वाचायला सांग आणि तू लिही.

तुझी,
काकू