ताबा घ्यायच्या दिवशी फाइल हातात घ्या

ताई, "पुढच्या महिन्यात भाचा बालगृहातून आमच्याकडे येतोय, बाल कल्याण समितीचा (मूल कुणाकडे सोपवायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) आदेश झालाय, कागदपत्रं नंतर टपालाने पाठवतो म्हणालेत. शाळा कुठली बघू?" हे तुमचं वाचलं आणि मधलं वाक्य वाचून पोटात गोळा आला. शाळेचं शेवटी सांगतो.

माझ्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा असताना दीड वर्ष बालगृहात काढून आमच्याकडे आला. गृहचौकशी झाली, आदेश झाला, ताबा पावतीवर सही केली. कार्यालयातले साहेब म्हणाले, "फाइल तुमच्या जिल्ह्याला पाठवतोय, तिकडून घ्या." मी "बरं साहेब" म्हणून पोराचा हात धरून एसटीत बसलो. पिशवीत दोन शर्ट, एक चादर आणि आदेशाची झेरॉक्स. चूक म्हणाल तर हीच, बाकी सगळं तिच्यापोटी आलं.

पुढचे चौदा महिने आवक-जावकमध्ये गेले. तिकडे फोन केला की "जावक झालंय, नंबर लिहून घ्या." इकडे विचारलं की "आवक नाही." दोन्ही जिल्ह्यांतले बाबू आपापल्या रजिस्टरवर बोट ठेवून खरंच बोलत होते. शेवटी एक दिवस रजा टाकून स्वतः तिकडच्या कार्यालयात गेलो, साडेदहाला टेबलासमोर बसलो. चारच्या सुमाराला बाईंनी लोखंडी कपाट उघडलं, तर दुसऱ्या खणात भाच्याची फाइल! जावक झालं होतं ते नुसत्या पत्राचं. खाली "सोबत - केस फाइल" असं टाइप केलेलं, सोबत काहीच गेलेलं नाही.

फाइल तिथेच उघडली. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं ना, त्यांची संदर्भ चिठ्ठी आत होती. डावा कान वाहतो, ऐकू कमी येतं, जिल्हा रुग्णालयात दाखवावे. तारीख आमच्याकडे यायच्या चार महिने आधीची. म्हणजे कुणीतरी नीट तपासलं होतं, लिहिलंही होतं. तो कागद आमच्यापर्यंत आलाच नाही.

आणि आम्ही त्या चौदा महिन्यांत काय केलं? मागून हाक मारली की वळायचा नाही, तर "मुद्दाम करतो". शाळेतून तक्रार, लक्ष नाही, तर शिकवणी लावली. "ऐकू नाही आलं" म्हणायचा, आम्हाला वाटायचं बहाणा. पाढे चुकला म्हणून मी एकदा कानाखाली दिली. डाव्याच. बालगृहातून आलेलं पोर हट्टी असणारच, हे आपण मनात आधीच ठरवून बसलेलो असतो. (पुढे पडद्याचं ऑपरेशन झालं, आता बरंच ऐकू येतं.)

दुसरी गंमत वजनाची. नियमाप्रमाणे बालगृहात दर महिन्याला तपासणी करून उंची-वजन नोंदवायचं असतं. फाइलमधल्या तक्त्यात बारा महिने, दर महिन्याला बरोबर अर्धा किलो वाढ, एकाच पेनाने, शेवटचा आकडा 28. बायकोने तो आला त्याच आठवड्यात दवाखान्यात वजन करून वहीत लिहून ठेवलं होतं: साडेएकवीस. ती वही नसती तर मी तक्त्यावर विश्वास ठेवला असता. तिथल्या काळजीवाहक मावशींबद्दल मात्र माझी तक्रार नाही, भाचा अजून त्यांची आठवण काढतो. राग आहे तो टेबलावर बसून तक्ते भरणाऱ्यांवर.

तर माझं मत असं, पटलं तर घ्या. ताबा पावतीवर सही करायच्या आधी फाइलची पानं मोजून झेरॉक्स मागा. आरोग्याच्या नोंदी, लसीकरण कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक, आधार, आणि वैयक्तिक काळजी आराखडा (त्या मुलासाठी काय काय करायचं ते लिहिलेला कागद, तिथे सगळे आयसीपीच म्हणतात). समुपदेशकाच्या नोंदी कदाचित देणार नाहीत, तेव्हा निदान त्यांच्याशी दहा मिनिटं बोला. रात्री दचकतो का, अंथरूण ओलं करतो का, कुणाला घाबरतो, हे कागदापेक्षा त्यांच्या तोंडून जास्त कळतं. नाहीच म्हणाले तर साहेबांशी हुज्जत घालू नका, ज्या बाल कल्याण समितीने आदेश दिला तिलाच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मी चौदा महिने बाबूंच्या मागे फिरलो, समितीकडे जायचं सुचलंच नाही. मी वकील नाही आणि नियम बदलत असतात, तेव्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना (मुलाची केस बघणारे प्रोबेशन ऑफिसर) विचारून खात्री करा.

वही आजपासूनच घाला. महिन्याला वजन-उंची, दात, कान, डोळे, शाळेतली हजेरी, आणि त्या महिन्यात काय बोलला. गृहभेटीला कुणी आलं तर त्यांची सही त्याच वहीत घ्यायची. आमच्याकडे आलेले एक जण चहा पिऊन "सर्व ठीक" लिहून जायला निघाले होते, वही पुढे केल्यावर पुन्हा बसले.

पैशांचं कुणीतरी खाली विचारलंय. बालसंगोपन योजनेत (असं मूल घरी सांभाळणाऱ्यांना सरकार पैसे देतं ती) 2023 पासून दरमहा 2,250 रुपये झालेत, आधी 1,100 होते. अर्ज नक्की करा, पण दर महिन्याला वेळेवर खात्यात पडतील असं धरून शाळेची फी ठरवू नका. आमचे कधी सहा-सहा महिन्यांचे एकदम यायचे.

आता शाळा. घराजवळची घ्या, नाव मोठं नसलं तरी चालेल. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. आमच्या भाच्याला "दाखला येईपर्यंत" म्हणून तिसरीत बसवलं आणि तो वर्षभर तिथेच राहिला. मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी सांगा. आणि कान तपासून होईपर्यंत त्याला पहिल्या बाकावर बसवायला सांगा, बाईंच्या उजव्या हाताला की डाव्या, ते तपासणी झाल्यावर ठरवा.