मारका खोंड वळू म्हणून ठेवावा का?

सांगोला तालुक्यातील एका पशुपालकाने विचारले आहे: "पूर्वीच्या लोकांनी रानटी बैल माणसाळवला कसा आणि कशासाठी? गवा का नाही माणसाळला? माझा खिल्लार खोंड देखणा आहे, पण अंगावर धावून येतो. वळू म्हणून ठेवू का?"

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. वशिंडाची गुरे सिंधूच्या खोऱ्यालगत सुमारे ८,००० वर्षांपूर्वी माणसाळली. बलुचिस्तानात मेहरगढच्या उत्खननात खालच्या थरांत शिकारीची हाडे जास्त आहेत. वरच्या थरांत गुरांची हाडे वाढतात आणि आकाराने लहान होत जातात. म्हणजे पैदास माणसाच्या हातात आली होती. हेतू आधी मांसाचा असावा, कारण जिवंत जनावर म्हणजे न नासणारा साठा. ओढकाम मागाहून आले. आपल्या महाराष्ट्रात दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या प्राचीन ब्राँझच्या रथशिल्पात तर बैलांची जोडी जुंपलेली दिसते.

थोराड रानबैल कोणी दोरखंडाने वठणीवर आणला असेल, असे मला वाटत नाही. वासरे धरून वाढवली असतील. अंगावर येणारे आधी कापले गेले, शांत राहिले त्यांची वीण चालली.

गव्याचे म्हणाल, तर ईशान्येकडचा मिथुन त्याच्याच कुळातला. तो रानात मोकळा चरतो, मालक मीठ घेऊन गेला की हातावरचे चाटायला जवळ येतो. दावणीपर्यंत मात्र तो पुरता आलेला नाही.

आता तुमचा खोंड. बुजरा आणि मारका यांत फरक करा. बुजरा मागे सरतो, कान टवकारतो. रोज खरारा केला, हातून चारा दिला की निवळतो. मारका मान खाली घालून, आडवा होऊन अंग दाखवतो आणि चाल करून येतो. त्याची आईही मारकी असेल तर वळू म्हणून मुळीच ठेवू नका. स्वभाव काही अंशी रक्तातून उतरतो, शिंगांची ठेवण कितीही देखणी असो. पशुवैद्यकाकडून खच्चीकरण करून घ्या आणि शांत, जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपून शिकवा.

स्वभाव अचानक बदलला असेल तर आधी तपासणी करा. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात हात घालू नका. पिसाळल्याची शक्यता असते. जनावर वेगळे बांधून लगेच दवाखान्यात कळवा.

खोंडाच्या आईला पुढे पुन्हा गोऱ्हा झाला, तर पहिल्या आठवड्यापासून घरातल्या एकाने रोज त्याच्या पाठीवरून हात फिरवावा.