मित्राबरोबर जुन्या जीपमधून मुंबई ते गोवा किनाऱ्याने जाणे कितपत शक्य आहे?

आपल्या मित्राच्या घरी वडिलांच्या काळातली महिंद्राची जुनी जीप आहे आणि तिने समुद्राच्या कडेकडेने गोव्यापर्यंत जावे, असे आपण दोघांनी ठरवत आणले आहे. एवढ्या जुन्या गाडीला हा प्रवास झेपेल का आणि वाटेत ती पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, चालवता येईल का, असे आपण विचारले आहे. प्रवास तिला नक्की झेपेल. पुळणीवर मात्र ती नेऊ नये, आणि याचे कारण जीप रुतण्यापलीकडचे आहे.

मी हा प्रवास मित्राच्या महिंद्रा एमएम ५४० या जुन्या जीपमधून केला आहे. २११२ सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन, चार गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, खाली स्प्रिंगचे पाटे आणि हातांची परीक्षा पाहणारे स्टीअरिंग, अशी ही गाडी ताशी ४०-५० किलोमीटरच्या वेगात समाधानी असते. मुंबई-गोवा महामार्गावर हाच वेग धोक्याचा ठरतो, कारण मागून येणारी वाहने दुपटीने धावत असतात. रेवस ते रेडी असा आखलेला सागरी मार्ग मात्र अरुंद आणि वळणावळणाचा आहे, मध्येच गावाच्या बाजारातून जाणारा आहे, आणि तेथे नवी गाडीदेखील याहून वेगाने जाऊ शकत नाही. म्हणूनच माझ्या मते जुन्या जीपला महाराष्ट्रात याहून चांगला लांबचा रस्ता नाही. किती दिवस लागतील ते गाडीला ठरवू द्या आणि परतीची तारीख मोकळी ठेवा.

मुंबईहून निघताना पनवेलकडे न वळता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत, म्हणजे गाड्या चालवत आत नेता येतात अशा बोटीत, जीप चढवावी. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला पोहोचले की तरीने, म्हणजे खाडी ओलांडून गाड्या नेणाऱ्या बोटीने, दिघीला उतरावे. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राला इतका लगटून आहे की तेथे घाई करणे हा अन्यायच होय. हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याहून बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वी, दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून धोपावे आणि गुहागरच्या पुढे तवसाळहून शास्त्री ओलांडून जयगड, असे आणखी तीन वेळा गाडीसह पाण्यावर जावे लागते. गणपतीपुळ्यानंतर आरे-वारेचा चढ येतो, रत्नागिरीपासून खाली बहुतेक खाड्यांवर पूल आहेत आणि जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा असा रस्ता तेरेखोलच्या खाडीपर्यंत सरळ घेऊन जातो.

या तरींच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ओहोटीला धक्क्याचा उतार खालपर्यंत उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असते. बोटीचा लोखंडी फळा त्यावर टेकलेला असतो, बोटीवरचा माणूस हाताने खुणा करत असतो आणि आपल्याला तेवढ्या जागेत, कधी उलट, गाडी घ्यायची असते. येथे फोर-व्हील (चारही चाकांना इंजिनाची ओढ) आणि लो गिअर टाकून, क्लच अर्धवट न दाबता, इंजिनाच्या सावकाश ओढीवर गाडी सोडावी. वर आल्यावर कोरड्या डांबरावर फोर-व्हील लगेच काढून टाकावी, कारण या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी योजना, नसते आणि वळणावर सगळा ताण गिअरवर येतो. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून मागच्या शाफ्टवर असतो, त्यामुळे तो फक्त उभ्या गाडीसाठीच वापरावा. बोटीवर तो ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला लाकडी ठोकळाही लावावा.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत आपल्या उपयोगी पडेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की ऐन भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बारा. त्यापुढे सुमारे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते, म्हणून त्या दिवसांत ऐन ओहोटीच्या वेळी धक्क्यावर न जाता तासभर मागेपुढे जावे.

कागदपत्रांकडे निघण्यापूर्वी लक्ष द्यावे. पंधरा वर्षे झालेल्या खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठी होते, त्याची मुदत पाहावी आणि पर्यावरण कर, विमा व पीयूसी चालू आहेत ना याची खात्री करावी. जीप पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि मित्राने ती २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवली असेल, तर अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. केवळ फिरायला म्हणून गोव्यापर्यंत जाणे त्यात बसत नाही.

गाडीच्या तयारीत ब्रेकचे व्हील सिलिंडर, रेडिएटरचे होज, फॅन बेल्ट आणि पाट्यांचे शॅकल बोल्ट एवढे तरी उघडून पाहून घ्यावे. डिझेलमधली हवा कशी काढायची, हे दोघांनाही आलेच पाहिजे. जयगडकडून वर येताना आमचे इंजिन दोन आचके देऊन बंद पडले. मित्राने बॉनेट उघडून फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल केला आणि हातपंप दाबायला सुरुवात केली. आधी पांढरट फेस आला, मग फेसात डिझेल, मग बुडबुड्याशिवाय सलग धार. धार सलग झाल्याक्षणी त्याने स्क्रू आवळला आणि इंजिन दुसऱ्या सेल्फला सुरू झाले. चालत्या जीपमध्ये आवाजामुळे बोलता येत नाही, त्यामुळे आमच्या गप्पा तरीवर आणि अशा थांब्यांवरच झाल्या. बरोबरच्या माणसाने तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे आणि दर दोन तासांनी चालवणारा बदलावा. जुन्या मित्राबरोबर एवढा वेळ न बोलता शेजारी बसणे हीसुद्धा मोठी सोबत आहे, असे मला मनापासून वाटते.

दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, कारण उघड्या जीपमध्ये ऊन सोसवते आणि इंजिनही तापत नाही. पण नेमक्या याच काळात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वेळास, आंजर्ले आणि त्याखालच्या अनेक किनाऱ्यांवर येऊन अंडी घालतात. सुमारे शंभर अंडी वाळूत दीड-दोन फूट खाली पुरलेली असतात आणि वरून काहीही दिसत नाही. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने २००२ पासून घरटी राखण्याचे काम उभे केले, आणि आज किनाऱ्यावरच्या गावांतली माणसे पहाटे उठून ही घरटी शोधतात. त्यांना न सापडलेल्या घरट्यावरून जीप गेली तर वाळू दबते, आणि चाकोरीत पडलेल्या पिल्लाला तिची कड चढून समुद्र गाठता येत नाही. फोर-व्हील गाडी हाताशी आहे म्हणून वाळूत उतरण्याचा मोह आपल्याला होईल, तो कृपा करून आवरावा. गाडी सुरूच्या बनाबाहेर लावून पाण्यापर्यंत चालत जावे. शिवाय ओल्या वाळूत रुतलेली जीप भरतीच्या आत निघाली नाही, तर गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला आपली शेती सोडून धावत यावे लागते.

गोव्यात पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी गाडीचा चासी, पाटे आणि ब्रेकचे पाइप खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्यावेत आणि ग्रीस भरण्याच्या सर्व निपलांना ग्रीस मारून घ्यावे. खारे पाणी उडालेले नसले तरी खारी हवा आठवडाभर लोखंडावर बसलेली असते, आणि परतीच्या वाटेवर तेच ब्रेक पुन्हा घाटीच्या उतारांना वापरायचे असतात.