नाण्यातली चूक टांकसाळीतली आहे की नंतर झालेलं नुकसान, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की हातात आलेल्या एका नाण्याची कड एका बाजूने चपटी आहे, आकड्यांच्या शेजारी सावलीसारखी दुसरी रेघ दिसतेय, मग हे एरर कॉईन म्हणायचं की कुणीतरी ठोकून बिघडवलेलं? फोटो नाही त्यामुळे छातीठोकपणे काही सांगत नाही, पण घरबसल्या बरंच कळू शकतं.

आधी नाणं कसं बनतं ते डोक्यात असू द्या, कारण सगळं तिथेच आहे. पत्र्यातून गोल चकती कापतात, मग ती दाबून तिची कड जराशी उचलतात, मग ती दोन ठशांच्या मधे येते, भोवती कॉलर म्हणजे एक कडं असतं, आणि एका दणक्यात दोन्ही बाजू छापून निघतात. खरी चूक यातल्याच कुठल्यातरी पायरीवर झालेली असते. म्हणून नाण्यात काही विचित्र दिसलं की मी आधी विचारतो, हे नेमकं कुठल्या पायरीवर होईल? उत्तर सापडत नसेल तर बहुतेक वेळा ते नंतरचं नुकसानच असतं. इंटरनेटवर 'दुर्मिळ एरर' म्हणून फिरणारी निम्मी नाणी इथेच गळतात असं माझं मत.

दुसरं म्हणजे धातू कुठे गेला ते बघा. ठशावर जे खोल असतं ते नाण्यावर उठून येतं. त्यामुळे ठशाला तडा गेला तर नाण्यावर बारीक उंच रेघ येते, आणि ठशाचा कडेचा तुकडाच उडाला तर तिथे उंच कोरा गोळा दिसतो. पण नाण्यावर नंतर ओरखडा पडला तर तो खोल असतो, आणि सरकलेला धातू बाजूला ढिगासारखा उभा राहतो. भिंगाखाली नाणं तिरपं धरून उजेड एका बाजूने पाडा, खोल की उंच ते लगेच कळतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, त्याहून जास्त घेतलंत तर प्रत्येक धुळीचा कण तुम्हाला एरर वाटायला लागेल.

आता तुमची सावली. लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. खरी डबल डाय म्हणजे ठसा बनवतानाच त्यावर डिझाईन दोनदा थोडं सरकून उमटलेलं असतं, म्हणून त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी अक्षरं सारख्याच जागी दिसतात. अमेरिकेचा १९५५ चा लिंकन सेंट याचं गाजलेलं उदाहरण, त्यावरची तारीख आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात. अशा दुहेरी अक्षरांत दोन्ही प्रती गोलसर आणि पूर्ण उंचीच्या असतात, टोकांपाशी छोटी खाच दिसते आणि अक्षर एकूण रुंद झालेलं असतं. उलट छापताना ठसा थोडा सैल असून दणक्यानंतर हलला तर मशीन डबलिंग होतं, त्यात अक्षराच्या बाजूला एक सपाट, बुटकी पायरी दिसते आणि मूळ अक्षर उलट अरुंद होतं, कारण त्याचाच धातू चेपला गेलेला असतो. हे होतं टांकसाळीतच, पण संग्राहक त्याला फारशी किंमत देत नाहीत. आणि ठसा झिजला तरी अक्षरं पसरून दुहेरीसारखी दिसतात, १९५५ च्याच काही सेंटांवर शेवटचा ५ असा दिसतो आणि लोक त्याला गमतीने गरिबांची डबल डाय म्हणतात. तुमच्या नाण्यात कड ज्या बाजूने चपटी आहे त्याच बाजूच्या आकड्यांना सावली असेल, बाकीची अक्षरं ठीकठाक असतील आणि सावली सपाट असेल, तर मी म्हणेन की मार बसलाय.

कड चपटी, जाड किंवा आत वळलेली असण्याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे ड्रायर. कपडे वाळवायच्या मोठ्या मशीनमधे अडकलेलं नाणं फिरून फिरून कडेवर मार खातं, कड जाडजूड होऊन आत येते, नाण्याचा घेर थोडा लहान होतो आणि कडेजवळची अक्षरं दबतात. एकदा असं नाणं पाहिलंत की पुन्हा चुकणार नाही.

कडेचा तुकडा गायब असेल तर त्याची एक मस्त खूण आहे. चकत्या कापताना पत्रा नीट पुढे सरकला नाही तर आधीच्या भोकाचा गोल भाग चकतीत येतो आणि ती चंद्रकोरीसारखी कापली जाते. मग कड उचलायच्या मशीनमधे त्या तुटक्या जागी दाब पडत नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूचीही कड पुसट किंवा गायब होते, याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. प्रत्येक खऱ्या नाण्यात तो ठळक दिसेलच असं नाही, पण कापाजवळची अक्षरं कापाकडे ओढली गेल्यासारखी दिसतात, कारण धातू तिकडे वाहिलेला असतो. कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची कड धडधाकट, अक्षरं मधेच कचकन कापलेली आणि कापावर घासल्याच्या रेषा.

एखादं अक्षर गायब असेल तर बहुतेकदा ठशाच्या खाचेत ग्रीस भरलेलं असतं, तिथला पृष्ठभाग आजूबाजूसारखाच असतो. खरवडलं असेल तर ती जागा खोलगट आणि रेषारेषांची.

उलटी, आत गेलेली अक्षरं पाहून फार हुरळू नका. दोन नाणी शिकंज्यात एकमेकांवर दाबली की एकाचा आरशातला ठसा दुसऱ्यावर उमटतो, पण खाली मूळ डिझाईन चपटं झालेलं दिसतंच. खऱ्या ब्रॉकेजमधे, म्हणजे टांकसाळीतच अशी उलटी प्रतिमा उमटते त्या चुकीत, आधीचं नाणं ठशाला चिकटून बसलेलं असतं, त्यामुळे त्या बाजूला मूळ डिझाईनच नसतं, फक्त उलटी खोल प्रतिमा.

शेवटी वजन. पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या, बाकी सगळ्यापेक्षा तो जास्त खरं बोलतो. १९४३ मधे अमेरिकेने युद्धामुळे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे काढले, चुकून ब्रॉन्झच्या काही चकत्या छापल्या गेल्या आणि ती नाणी आज फार महाग आहेत. म्हणून लोक पोलादाच्या नाण्यावर तांब्याचा मुलामा चढवतात, पण ते चुंबकाला चिकटतं आणि वजन २.७ ग्रॅमच्या आसपास भरतं, खरं ब्रॉन्झचं ३.११ ग्रॅमचं. काही महाभाग १९४८ चा ८ घासून ३ करतात, ते नाणं मुळात ब्रॉन्झचंच असल्यामुळे तिथे चुंबक उपयोगाचा नाही, आकडाच भिंगाखाली बघावा लागतो. आणि नाणं पातळ, घेरही लहान, सगळंच सारखं पुसट असं असेल तर ते ॲसिडात बुडवलेलं समजा, कारण खरी पातळ चकती कॉलरमधे छापली गेली की घेर नेहमीसारखाच निघतो.

काहीही करा पण नाणं घासून स्वच्छ करू नका, त्याने पुरावाच जातो. आणि पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या तपासणी करणाऱ्या कंपन्यांकडे पाठवायचा खर्च तेव्हाच करा, जेव्हा चूक कुठल्या पायरीवर झाली हे तुम्ही स्वतः एका वाक्यात सांगू शकाल.