बडोद्याचा मे सोसलेल्या माणसाला युरोपचा उन्हाळा जाणवतो का?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच युरोपला निघालोय, बडोद्याच्या माणसाला तिथला उन्हाळा तो काय जाणवणार? मीही बडोद्याचीच, दांडिया बाजारात वाढलेली. मुलांच्या शाळेमुळे आमचं फिरणं कायम उन्हाळ्यातच होतं. तेव्हा ठामपणे सांगते: जाणवतो. पण रस्त्यावर नाही, खोलीत जाणवतो.

पॅरिसला ३३ अंश झाले की लोक हवालदिल होतात. आपल्याला ती मार्चची दुपार वाटते, मजेत फिरतो आपण. खरी परीक्षा रात्री. तिथली घरं ऊब आत धरून ठेवायला बांधलेली आहेत. छताला पंखा नसतो, जुन्या इमारतींवर जस्ताचा पत्रा, आणि त्या पत्र्याखालची वरच्या मजल्याची खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. आई-बाबा बरोबर आहेत म्हणून हे आधी लिहितेय. २००३च्या ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं गेली, आणि त्यांत बहुतेक वयस्कर होती. हॉटेल ठरवताना एसी आहे का हे स्पष्ट विचारा, आणि वरचा मजला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. लंडनला सेंट्रल लाइनच्या भुयारी गाड्यांत दुपारी वयस्कर माणसांना नेऊ नका. खोल बोगद्यांभोवतीच्या मातीत वर्षानुवर्षांची उष्णता मुरलेली आहे, आणि त्या डब्यांत एसी नाही. एलिझाबेथ लाइनला आहे.

एवढी काळजी घेतलीत की मग पुढे नुसता आनंद आहे, आणि त्यातला सगळ्यात मोठा आनंद म्हणजे तिथली संध्याकाळ. जूनअखेर पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. स्टॉकहोमला दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि पहाटे साडेतीनला पुन्हा हजर होतो. माझी आई पहिल्या दिवशी गोंधळली, दिवेलागणीचं शुभंकरोती म्हणायचं कधी? मग तिनेच ठरवलं, घड्याळात सात वाजले की म्हणायचं. खिडकीतून लख्ख ऊन येतंय आणि ती हात जोडून म्हणतेय, नातवंडंही मागोमाग म्हणताहेत. जेवण झाल्यावर पुन्हा बाहेर पडायचं आणि तरीही उजेड शिल्लक असायचा, याची आम्हाला चटकच लागली. आपल्याकडे मे महिन्यात अकरा ते पाच आपण दारं लावून बसतो, तेवढा वेळ तिथे रोज परत मिळतो. झोपेसाठी मात्र डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या घेऊन जा. उत्तरेत त्यांच्यावाचून झोप येत नाही.

स्टॉकहोमचे लोक ऊन दिसलं की तोंड तिकडे करून डोळे मिटून बसतात. बाकावर, पायऱ्यांवर, धक्क्यावर, सगळे एकाच दिशेला! इतकं प्रेमाने उन्हाकडे बघणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. तिथल्या हिवाळ्यात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, हे कळल्यावर तर ती मला फारच आवडायला लागली.

दक्षिणेला सगळं उलटं, आणि तिथे बडोदेकराला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. स्पेनमधल्या सेवियात उन्हाळ्यात पारा ४० पार करतो. बाजाराच्या सिएर्पेस गल्लीवर या घरापासून त्या घरापर्यंत कापडाची छतं ताणलेली असतात, दुपारी खिडक्यांच्या झडपा बंद, रस्ते ओस. शहाणं गाव आहे. फक्त एक लक्षात ठेवा, स्पेनचं घड्याळ मध्य युरोपचं आहे आणि सेविया मात्र पार पश्चिमेला. त्यामुळे तिथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी जवळजवळ अडीचला, आणि सगळ्यात कडक ताप पाच-सहाला असतो. बडोद्याच्या सवयीने 'चार वाजले, आता निघू या' असं करू नका. आठनंतर निघा. गावही तेव्हाच जागं होतं आणि जेवायला दहा वाजतात.

आता पाणी. माझ्या मते उन्हाळ्यात एखाद्या शहराचं मन त्याच्या पाण्यावरून कळतं, आणि इथे रोमला तोड नाही. रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे ठेंगणे नळ, रात्रंदिवस वाहणारे, पाणी थंडगार आणि फुकट. हे १८७४पासून चालू आहे. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं, त्याला तोंड लावून प्यायचं. माझ्या मुलांनी रोममध्ये सगळ्यात जास्त वेळ यातच घालवला, आणि मी त्यांना जराही घाई केली नाही. सयाजीरावांनी आजवा तलावाचं पाणी नळाने बडोद्यात आणलं ते त्याच शतकाच्या अखेरीस. मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत मे महिन्यात चालणाऱ्या माणसासाठी असे वाहते नळ आपल्याकडेही हवेत, असं मला मनापासून वाटतं.

स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये तर लोक ऑफिस सुटल्यावर आरे नदीत उतरतात. काठाने वर चालत जायचं, पाण्यात शिरायचं आणि प्रवाहाबरोबर वाहत शहरात यायचं. हिरवंनिळं, थंड पाणी, आणि वेळेवर बाहेर पडायला काठाला लाल दांडे. पट्टीचं पोहता येत असेल तरच उतरा, ओढ जबरदस्त आहे. नाहीतर मार्त्सिली या नदीकाठच्या पोहण्याच्या जागी हिरवळीवर बसून बघा. तिथे प्रवेश फुकट आहे. पॅरिसलाही १९२३पासून बंद असलेलं सीन नदीतलं पोहणं २०२५च्या जुलैत लोकांसाठी पुन्हा सुरू झालं.

जून निवडलात हे उत्तम केलंत. ऑगस्टमध्ये पॅरिसची पाववाल्यांची कितीतरी दुकानं महिनाभर बंद असतात, आणि १५ ऑगस्टला इटली सुट्टीवर जातो. जूनमध्ये सांभाळायचं ते फक्त स्वीडनचं. १९ ते २५ जूनच्या दरम्यान जो शुक्रवार येतो, त्या दिवशी त्यांचा मध्यग्रीष्माचा सण असतो. अर्धं स्टॉकहोम गावाकडे गेलेलं असतं आणि बरीच दुकानं बंद असतात. आदल्या दिवशीच दूध, दही, फळं आणून ठेवा.