मॅग्नम काडतुसांसाठी बंदुकीची कोणती दारू?

प्रश्न : .३५७ मॅग्नम या जोरदार प्रकारची एकसारखी काडतुसे रिव्हॉल्व्हर आणि लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (खालचा दांडा ओढून काडतूस भरणारी) या दोन्हींसाठी स्वतः भरताना कोणती दारू निवडावी?

उत्तर : पूर्ण ताकदीच्या काडतुसांसाठी एच-११० सारखी मंद जळणारी दारू मला सर्वांत योग्य वाटते, कारण रायफलच्या लांब नळीत तिच्या वायूला गोळी ढकलण्यास अधिक अंतर मिळते आणि वेग लक्षणीय वाढतो. मात्र तिचे प्रमाण उत्पादकाच्या तक्त्यातील किमान मर्यादेखाली कधीही नेऊ नये. अपुऱ्या ज्वलनाने गोळी नळीतच अडकू शकते आणि त्यावर दुसरी झाडली गेली तर शस्त्र फुटते. सौम्य काडतुसे हवी असल्यास ‘२४००’ नावाची दारू घ्यावी. रायफलच्या नळीवजा मॅगझिनमध्ये (काडतुसे एकामागे एक ठेवण्याच्या जागेत) गोळीचे टोक पुढील काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या तळाच्या टोपीला, टेकते आणि टोकदार गोळीच्या धक्क्याने ती पेटू शकते, म्हणून गोळी सपाट टोकाचीच असावी.