विषाणूविना जनुक मज्जारज्जूत पोहोचेल का?

प्रश्न : धाकट्या भावाच्या मज्जारज्जूला अपघातात इजा झाली आहे. विषाणू न वापरता तेथे जनुक पोहोचवता येते का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये येते, तुमच्या भावासारख्या रुग्णांसाठी असा मान्यताप्राप्त उपचार मात्र अद्याप नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. एरवी जनुक पेशीत नेण्याचे काम निरुपद्रवी केलेला विषाणू करतो; तो नसेल, तर जनुक ज्याचे बनलेले असते तो डीएनए आणि पेशीचे आवरण दोन्ही ऋणभारित असल्याने डीएनए आपणहून आत शिरत नाही, म्हणून त्याला पॉलिएथिलिनइमाइनसारख्या धनभारित बहुवारिकाची (पॉलिमरची) किंवा सूक्ष्म मेदकणांची साथ द्यावी लागते. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीच्या, 2022 मध्ये मान्यता मिळालेल्या कोविड लसीतील एमआरएनएलाही (जनुकाचा संदेश वाहणाऱ्या रेणूलाही) मेदकणांचाच आधार आहे. खरी अडचण पुढची आहे : शिरेतून दिलेले असे कण बहुतांशी यकृतातच अडकतात, आणि कमरेत सुई टोचून ते मज्जाद्रवात सोडले, तरी चेतापेशी विभाजित होत नसल्याने, म्हणजेच त्यांच्या केंद्रकाचे आवरण विभाजनावेळी उघडते तसे उघडत नसल्याने, डीएनए त्यांच्या केंद्रकापर्यंत क्वचितच पोहोचतो. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक आजारावरील नुसिनर्सेन हे औषध 2016 पासून याच मार्गाने दिले जाते, पण ते जनुक नसून आरएनएवर काम करणारा छोटा तुकडा आहे. सध्या फिजिओथेरपी, मूत्राशयाची निगा आणि शय्याव्रण टाळणे यांत खंड पडू देऊ नका. कोणी पैसे घेऊन ‘जनुकाचे इंजेक्शन’ देऊ केले, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतील नोंदणी क्रमांक अवश्य मागा.